गाण्यातली जुझेची जागा

मेस्त कुणाची चूक तोंडानं सांगायचे न्हायत. देवळाच्या माडीवर गाणं चालू असताना कुणाचा सूर घसरला, की डोळे मिटायचे आन स्वतःचा कान धरायचे. डावा कान, दोन बोटांत, घट्ट. चुकलेला सूर जाग्यावर येईस्तोवर सोडायचे न्हायत. त्यापेक्षा एखादी थोबाडीत बसली तर बरं, असं वाटायचं माणसाला. एकदा आमच्या शेजारची तिरेजबाय म्हणाली, "मेस्त, आज माझाच धरा. तुमचा लाल झालाय." मेस्त म्हणाले, "माझा स्वस्त हाय, तिरेज. तुझ्या कानात सोन्याची बाळी हाय."

मेस्त म्हंजे देवळातल्या गाण्याचा मास्तर. आमचं देऊळ म्हंजे चर्च. रेवदंड्याची खाडी तरीनं, म्हंजे ये-जा करणाऱ्या होडीनं, ओलांडली की डोंगरावर किल्ला, आन किल्ल्याच्या पायथ्याशी आमचा किरिस्तावांचा पाडा. मेस्त माझे सासरे. स्वराज्य आलं त्या सुमाराला लगीन होऊन मी या घरात आले. सगळा पाडा त्यांना मेस्त म्हणायचा, म्हणून मी पण मेस्तच म्हणायची. सासूबाई आधीच गेल्या व्हत्या. घरात मेस्त, माझा नवरा जुझे आन मी. चार नारळ, वालाचा एक तुकडा, आन देवळाची घंटा ओढायचं काम. दोरी ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा खाली आलेला. लांबून बघितलं तर वाटायचं, माणूस काखेत काहीतरी धरून चाललाय.

माझी शाळा दुसरीपर्यंत. त्यामुळं त्या गाण्याचं मला सांगता येईल तेवढंच सांगते. वर्षातून एकदा, येशूला खांबावर दिला त्या शुक्रवारी, आमच्या देवळात एक गाणं म्हणायचे. किल्ल्यात पोर्तुगीज राहायचे तवाचं, का त्याच्याही आधीचं, त्यांच्या मुलखातलं. भाषा लॅटिन. कागद कुणाकडं नव्हता, सगळं कानावरनं आलेलं. बाजा न्हाय, पेटी न्हाय, नुसते चार गळे. आन चौघं एकदम न्हाय म्हणायचे. एक सुरू करायचा, त्याचे दोन शब्द झाले की दुसरा तेच शब्द घेऊन मागनं यायचा, मंग तिसरा, मंग चौथा. एका उखळात चार बाया मुसळं घेऊन कांडतात तसं. एकीचं वर, एकीचं खाली, कुणाचं कुणाला लागत न्हाय, आन भात कांडून निघतो. पहिल्या वर्षी मी ते ऐकलं तवा मला रडू आलं न्हाय, काय न्हाय. मला भीती वाटली. वाटलं, एक जण जरा चुकला तर सगळ्यांची बोटं चेचतील.

या गाण्याची रीत पण निराळी. गळा घराचा असायचा. वरचे दोन गळे तिरेजबायच्या घरात, ती आन तिची बहीण. खालचे दोन आमच्या घरात. सगळ्यात खालचा मेस्तांचा, त्याच्या वरचा जुझेचा. ज्याचा गळा त्यानं आपल्या घरात, दार लोटून शिकायचा. शुक्रवारपर्यंत चौघांनी एकत्र म्हणायचं न्हाय. मी विचारलं, असं का? मेस्त म्हणाले, "आधी ऐकलं की कान दुसऱ्याच्या मागं जातो. आपलं पाठ असलं की मंग दुसरा येऊ दे, न्हायतर वादळ येऊ दे." आन आणखी एक. गाणारा मेला, तर त्या घरातली बाई मेस्तांना म्हणायची, "गळा द्या." ती म्हणाली की मंगच मेस्तांनी तो गळा दुसऱ्याला शिकवायचा. तिनं म्हणेस्तोवर न्हाय. तिला कुणी घाई करायची न्हाय. मेलेल्या माणसाचे कपडे कवा वाटायचे ते जसं घरातली बाई ठरवते, तसं.

लग्नानंतर काही वर्षांनी, फिलू माझी रांगत व्हती तवा, जुझेचा मावसभाऊ मुंबईहून आला. तो बोटीवर खलाशी व्हता. परदेशी जाणारी मोठी बोट, भटारखान्यात एक माणूस कमी पडत व्हता. म्हणाला, "जुझे, बुधवारच्या आत ये. मी बोलून ठेवलंय. महिन्याला पगार, खायला त्यांचं, कपडे त्यांचे." आमच्या पाड्यावर अशी नोकरी कुणाला लागली न्हाय कवा. मी जुझेचे दोन सदरे धुऊन वाळत घातले.

गाण्याच्या शुक्रवाराआधी आमचा चाळीस दिवसांचा उपास असतो, त्याचा तो शेवटचा आठवडा व्हता. मेस्त ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेले. मावसभाऊ निघून गेल्यावर ते वर न बघता म्हणाले, "शुक्रवार होऊ दे की."

जुझे म्हणाला, "बोट थांबणार न्हाय, मेस्त."

"दुसरी येईल. बोटी काय एकच हाय? शुक्रवार झाला की मी स्वतः तुला तरीपर्यंत सोडतो."

"आन न्हाय मिळाली तर?"

मेस्त शेंगा सोलत राहिले. मंग म्हणाले, "तुझ्याशिवाय ते उभं राहत न्हाय, बाबा."

जुझे हसला. त्याला बापाला न्हाय म्हणता यायचं न्हाय. माझ्याकडं बघितलं त्यानं. मी फिलूचं नाक पुसत व्हते. वाळलेले सदरे मी घड्या घालून फळीवर ठेवले.

त्या शुक्रवारी गाणं असं झालं, की पाद्री नंतर माडीवर चढून आला आन मेस्तांचा हात धरून उभा राहिला. बोट गेली. मुंबईहून दुसरा निरोप आला न्हाय. जुझे दुसऱ्याच्या होडीवर वाट्यानं मासे मारायला जायला लागला. पाऊस लागायच्या आधी होड्या वर ओढतात, त्याच्या आधीच्या शेवटच्या फेरीला गेले, आन परतताना खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाकीचे पोहून आले. जुझे दुसऱ्या दिवशी सापडला, चौलाच्या बाजूला.

त्याला घरी आणला तवा मेस्त दारात उभे व्हते. रडले न्हायत. डावा कान धरून उभे व्हते. लोक आत आले, बाहेर गेले, कुणीतरी त्यांचा हात खाली केला. त्यांनी परत वर नेला.

त्या दिवसापास्नं मेस्त मला तुमी म्हणायला लागले. सासरा सुनेला तुमी म्हणतो, असं मी कुठं ऐकलं न्हाय. आधी "ए मारी, पाणी आण गं" म्हणायचे. आता "मारीबाय, तुमी बसा, मी आणतो." मी आत आले की ते उठून उभे राहायचे, जशी मी कोण मोठी माणूस. जेवायला आमच्यात बसायचे न्हायत. ताट घेऊन मागल्या दारी, विहिरीच्या कठड्यावर. त्यांच्या ताटात मी मासळीचा तुकडा वाढला की तो फिलूच्या ताटात सापडायचा. मी एकदा म्हटलं, "तुमच्यासाठी वाढलाय." म्हणाले, "माझं पोट लहान झालंय." लहान न्हाय झालं. रात्री रिकाम्या पोटाचा आवाज मला ऐकू यायचा, भिंत कुडाचीच व्हती.

पोटाला मिळवायचं व्हतं. मी सुका जवळा आन बोंबील पाटीत घेऊन तरीनं रेवदंड्याला जायची, तिथनं चौलाच्या आळ्यांनी फिरायची. दुपारी कुणाच्या वाडीत सुपाऱ्या सोलायची. फिलूला ताप आला तरी जायची. हे मी रडगाणं म्हणून सांगत न्हाय, सगळ्याच बाया करायच्या. पण एक दिवस बघते तर मेस्त माझ्या आधी उठून पाटी डोक्यावर घेऊन तरीवर उभे. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाले, "तुमी विका. वाहायचं माझं." आन देवळातला गाण्याचा मास्तर माझ्या मागनं बोंबलाची पाटी घेऊन बाजारात चालला. कोळणींना ते नवल. एक जण ओरडली, "मेस्त, आज कुठला सूर, बोंबलाचा?" मेस्त म्हणाले, "बोंबील कुठं गातो, बाय? वास देतो नुसता." सगळ्या हसल्या. हसल्या की गिऱ्हाईक थांबायचं. पण त्या खाली आलेल्या खांद्यावर पाटी तिरकी व्हायची, आन खारं पाणी मानेवरनं सदऱ्यात जायचं. मी मागं वळून बघायचं टाळायची.

पुढल्या वर्षीचा शुक्रवार आला. मी जुझेसाठी "गळा द्या" म्हटलं नव्हतं. मेस्तांनी विचारलं नव्हतं. मला वाटलं, गाणं होणार न्हाय. पण मेस्तांनी माडीवर जाऊन तिघांत सुरू केलं. वरनं तिरेजबाय आली, मागनं तिची बहीण, आन जुझे यायचा तिथं कुणीच आलं न्हाय. तेवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली. मंग मेस्तांचा खालचा गळा आला. गाण्यात एके ठिकाणी बाकी तिघं थांबतात आन जुझेचाच गळा एकटा जातो, तिथं तर देवळात काही म्हंजे काही ऐकू आलं न्हाय. बाहेर समुद्राचा आवाज येत व्हता तेवढाच. शुक्रवारी घंटा पण वाजवत न्हायत, लाकडाची खटखटी वाजवतात. ती वाजवणारा पण थांबला. मंग मेस्तांनी पुढलं उचललं.

मी खाली बायांत बसले व्हते. सगळ्या समोर बघत व्हत्या, म्हंजे माझ्याकडं बघू नये म्हणून.

आठ दिवसांनी तिरेजबाय आली. मीठ मागायला आले म्हणाली. मीठ घेऊन बसली. मंग म्हणाली, "मारी, माझ्या भाच्याचा गळा चांगला हाय गं."

मी म्हटलं, "हाय चांगला."

"मेस्त तुला विचारणार न्हायत. कवाच न्हायत. त्यांची छाती न्हाय."

"मला ठाव हाय."

"दरवर्षी ती भोकाची गोधडी पांघरायची का आमी?"

मी मिठाचं मडकं झाकलं. तिरेजबाय वाईट बाई नव्हती. उठताना म्हणाली, "बरं, तुझं तुला कळतंय." मला काय कळत नव्हतं. मी अडवून धरलं असं लोकांना वाटायचं. तसं नव्हतं. शब्द तोंडाशी यायचा आन वाटायचं, हा म्हटला की जुझे खरंच गेला. आन मेस्तांना वाटायचं, मी म्हणत न्हाय ती त्यांची शिक्षा हाय. ती त्यांनी घेतली. दरवर्षी माडीवर चढून तीच मोकळी जागा सगळ्यांच्या देखत म्हणून दाखवायचे. असं किती वर्षं चाललं. फिलू शाळेत जायला लागली, तिला आजोबा सोडायला जायचे, वाटेत तिला पक्ष्यांचे आवाज काढून दाखवायचे, आन घराच्या पायरीला आले की गप्प.

मंग नवा पाद्री आला. तरणा व्हता, मायाळू. एका रविवारी त्यानं सांगितलं, पुढल्या वर्षापास्नं सगळं मराठीत होणार, वरून तसं ठरलंय. लोकांना आपल्या देवाशी आपल्या भाषेत बोलता यावं. गाणी पण नवी येतील. नंतर तो मुद्दाम मेस्तांजवळ आला. "मेस्त, वाईट वाटून घेऊ नका."

मेस्त म्हणाले, "न्हाय, फादर. लोकांना समजंल. चांगलं हाय." आन त्यांनी खरंच तसं म्हटलं. खोटं त्यांना जमायचं न्हाय.

त्या उपासातला शुक्रवार त्या गाण्याचा शेवटचा, एवढं मला समजलं. घरी आल्यावर मेस्त विहिरीच्या कठड्यावर बसले व्हते, ताट मांडीवर, भात तसाच. मी दारात उभी राहिले. ते उठायला लागले. मी म्हटलं, "बसा. गळा द्या."

त्यांनी ताट खाली ठेवलं. विचारलं, "तिरेजच्या भाच्याला?"

"मला."

"बाईचा आवाज न्हाय तो, मारीबाय. खाली हाय लय."

"माझा कुठं वर हाय? आयुष्यभर बोंबील विकतेय ओरडून."

त्यांना हसू आलं का काय ते कळलं न्हाय, तोंड फिरवलं त्यांनी. म्हणाले, "तुमच्याकडनं मी आणखी काय घेऊ नये."

मी म्हटलं, "तुमी घेत न्हाय. मी मागतेय."

मंग दुपारी बाजारातनं आलो की दार लोटून शिकायचं. मेस्त तांब्याच्या हंड्यावर टिचकी मारायचे, त्यातनं सूर घ्यायचे. शब्द मला कळत नव्हते. मी विचारलं, याचा अर्थ काय? म्हणाले, "आमी चुकलो, देवा. तुझं ऐकलं न्हाय. एवढंच परत परत." मी म्हटलं, "एवढ्यासाठी चार माणसं?" म्हणाले, "एकट्याला म्हणवत न्हाय ते."

मला पाठ व्हायला वेळ लागला न्हाय. जुझे व्हता तितकी वर्षं मी चुलीपाशी बसून ते ऐकलं व्हतं, भाकरी थापताना. एका जागी मात्र मेस्त मला दरवेळी थांबवायचे. ती एकट्यानं जायची जागा. मी आले की ते हात वर करायचे, मंग हात खाली घेऊन म्हणायचे, "न्हाय, न्हाय, चालू द्या." तिसऱ्या का चौथ्या दुपारी मी विचारलं, "काय चुकतंय?"

"तुमचं काय चुकत न्हाय."

"मंग थांबवता का?"

मेस्त हंड्याच्या काठावरनं बोट फिरवत राहिले. "हितं जुझे उशिरा यायचा. श्वास मोठा घ्यायचा आन मागं पडायचा. पोरपणापास्नं. मी सांगून सांगून थकलो. शेवटच्या वर्षी तो पहिल्यांदा बरोबर आला हितं." मंग म्हणाले, "त्यासाठीच थांबवून घेतला व्हता ना मी त्याला. बरोबर यायला."

फिलू बाहेर अंगणात कोंबड्या हाकत व्हती.

मेस्त म्हणाले, "तुमी बरोबर येता. तशाच या."

त्या शुक्रवारी मी पहिल्यांदा माडीवर चढले. वरनं आपली माणसं निराळी दिसतात, नुसते पदर आन टकली. तिरेजबायनं सरकून मला जागा दिली, माझा पदर नीट केला. तिनं सुरू केलं. तिची बहीण आली. मी आले. खालनं मेस्त आले. आन मला समजलं, दार लोटून का शिकवतात ते. बाकीचे तीन गळे अंगावर आले तवा माझा कान त्यांच्या मागं गेला असता, पण माझं माझ्याकडं व्हतं, मी धरून राहिले.

ती जागा आली. तिघं थांबले. मी श्वास घेतला, मोठा घेतला, आन मुद्दाम उशिरा आले.

मेस्तांचे डोळे उघडे व्हते. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाय, समोर भिंतीकडं बघितलं. पुढं त्यांनी यायचं व्हतं. माझ्यामुळं सगळंच मागं सरकलं व्हतं, तिरेजबाय गोंधळली असती. पण मेस्त थांबले. मी उशीर केला तेवढा त्यांनी पण केला, आन मंग सगळ्यांना घेऊन आले. जुझे असताना ते असं कवा करायचे न्हायत. त्याला मागं टाकून वेळेवर पुढं जायचे, आन त्यानं पळत येऊन गाठायचं.

देवळातनं घरी येताना चढाव लागतो. मेस्त दमले व्हते, मधल्या दगडावर बसले. फिलू पुढं पळाली. मी उभी राहिले. ते खाली खाडीकडं बघत म्हणाले, "मारीबाय, माझ्यावर राग हाय ना तुमचा?"

इतक्या वर्षांत कुणी ते तोंडानं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "हाय."

त्यांनी मान हलवली. वाईट वाटलं असं दिसलं न्हाय. उन्हात लांबनं चालत आलेल्याला कुणीतरी बस म्हणावं तसं तोंड झालं त्यांचं.

मी म्हटलं, "पण बोट गेली त्या दिवशी मला बरं वाटलं व्हतं. तो घरात राहिला म्हणून. सदरे घडी घालताना बरं वाटलं व्हतं. ते पण सगळं तुमीच डोक्यावर घेऊन चाललाय. तेवढं माझं मला द्या."

मेस्त म्हणाले, "बरं." उठताना त्यांनी हात पुढं केला, मी धरला, आमी वर आलो. उपास सोडायला पेज करून ठेवली व्हती, ती निवली व्हती. तशीच प्यालो, मी चुलीच्या अलीकडं, ते पलीकडं.

पुढल्या वर्षी मराठी गाणी आली. चांगली हायत, मला आवडतात. मेस्त खाली लोकांत बसून ती म्हणायचे, नव्या माणसासारखे, थोडे मागनं. दोन पावसाळे काढले त्यांनी. तिसऱ्यात ताप आला आन उतरला न्हाय. मीच त्यांना शेवटची आंघोळ घातली, धुतलेला सदरा घातला.

जुझेचं दुःख आता जुनं झालं, त्याचं तोंड पण नीट आठवत न्हाय कवा कवा. राग मात्र हाय अजून, थोडासा. ज्याच्यावर धरायचा तो माणूस असता तर त्याला सांगितलं असतं, त्यानं मान हलवली असती. आता तो राग घेऊन मी एकटीच पेज पिते.